खंडेनवमीला बंद असलेली गिरणी

पुष्पाबाईंबद्दल लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. पण गल्लीत त्यांच्याविषयी जे बोललं गेलं ते अर्धवट होतं, आणि अर्धवट गोष्टींचा मला कंटाळा आहे.

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. माहेर धुळ्याकडच्या एका खेड्यातलं, त्यामुळे बोली अहिराणी. इतकी वर्षं शहरात काढून ती बदलली नाही, आणि बाईंनी बदलायचा प्रयत्नही केला नाही. गिरणी नवऱ्याने, लोटनभाऊंनी टाकली. चालवली मात्र पहिल्यापासून बाईंनी. लोटनभाऊ बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राजकारण समजावून सांगत. ते गेले तेव्हा दिवसकार्य उरकलं आणि बाईंनी मशीनवर पट्टा चढवला, कारण डब्यांची रांग लागली होती आणि लोकांना भाकरी तर खायचीच होती.

मी सांगते आहे तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. भुवया पिठाने पांढऱ्या की वयाने, हे अंघोळीनंतरच कळायचं. खोकला कायमचा. दगड झिजले की त्यांना टाकी लावायला आता माणूस मिळत नव्हता, म्हणून छिन्नी-हातोडी घेऊन त्या स्वतःच बसायच्या आणि उठताना भिंत धरायच्या. मुलगा दीपक धुळ्यात मोटारसायकलींच्या शोरूममध्ये नोकरीला. दर फोनला त्याचं एकच, "माय, बंद कर ना आता ते." त्यांचंही एकच, "करसू." करणार होत्याच. थकल्या होत्या हे आंधळ्यालाही दिसलं असतं. फक्त कधी आणि कसं, ते त्यांना स्वतः ठरवायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात वीज कंपनीने गल्लीतले सगळे मीटर बदलले. नवा मीटर बिनतारी. आत मोबाइलसारखं सिमकार्ड. रीडिंग घ्यायला माणूस येत नाही, मीटर स्वतःच ऑफिसला कळवतो. नुसतं रीडिंगच कळवत नाही, चहाड्याही करतो. झाकण उघडलं तर आतलं बटण सुटतं, फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लागतो तसं, आणि त्याची वेळ नोंदली जाते. एखादी तार काढली तर कळतं. एका तारेने जितकी वीज आत आली तितकी दुसरीने परत गेली नाही, म्हणजे मधेच कोणी वाट काढून दिली, तर तेही कळतं. वीज गेली तरी पोटात बॅटरी असते. तिच्यावर शेवटचा निरोप पाठवल्याशिवाय हा गप्प बसत नाही. आणि जवळ मोठं लोहचुंबक आणलं तर तेही त्याला जाणवतं. चुंबक लावून मीटर मंद करायचा हा चोरांचा जुना उद्योग. म्हणून आत चुंबक ओळखणारा एक बारीकसा तुकडा बसवलेला असतो. तो जागा झाला की मीटर ऑफिसला कळवतो आणि त्याच वेळी मोजणी सरळ कमाल भाराने सुरू करतो, जणू त्याच्या ताकदीत बसेल तेवढं सगळं एकदम चालू आहे. करा चोरी, बघतोच, असा खाक्या.

यातलं काहीही तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मीटर बसवणाऱ्याने चार स्क्रू पिळले, मोबाइलवर फोटो काढला आणि तो पुढच्या घरी गेला.

आता गिरणीत लोहचुंबक असतंच. बाजारातून आलेल्या गव्हात, दादर ज्वारीत खिळे निघतात, तारेचे तुकडे निघतात, पोतं शिवायची सुईसुद्धा निघते. एखादा जरी दगडांमध्ये गेला तर ठिणगी उडते आणि दगड फुटतो. म्हणून धान्य ओततात त्या पत्र्याच्या डब्यात एक विटेएवढं लोहचुंबक बसवलेलं असतं. खंडेनवमीला बाई सगळं मशीन उघडायच्या. पट्टा उतरवायचा, दगड झाडायचे, पान्हे, छिन्नी, हातोडी धुऊन मांडायची, हळदकुंकू, झेंडू. त्या दिवशी आणि दसऱ्याला मशीनला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, दोन दिवस त्याला बसू द्यायचं, हा नेम लोटनभाऊंच्याही आधीपासूनचा, त्यांच्या वडिलांच्या औता-वखरापासूनचा.

चुंबक धुऊन पुसलं की ठेवायचं कुठे, हा प्रश्न. खाली ठेवलं तर लोखंडाचा कीस ओढून घेतं. फळीवर ठेवलं तर सगळे पान्हे त्याला जाऊन चिकटतात. म्हणून दरवर्षी ते मीटरमागच्या लोखंडी पत्र्याला चिकटवायचं. मीटरचीही पूजा व्हायचीच, वीज तिथून येते म्हणून. जुन्या मीटरच्या वेळी याची कधी कोणी दखल घेतली नाही. यंदा पत्रा तोच होता, त्यावरचा मीटर नवा होता. बाईंनी नव्या मीटरच्या कुशीला चुंबक चिकटवलं, दोघांना मिळून एक झेंडूची माळ घातली, हात जोडले आणि कुलूप लावून घरी गेल्या.

मशीन बंद. मीटर मात्र त्या क्षणापासून कमाल भाराने पळायला लागला, आणि इथे चोरी चालली आहे असं ऑफिसला कळवूनही मोकळा झाला.

दसरा उलटल्यावर वीज कंपनीचं पथक आलं. मी तेव्हा गिरणीतच होते, दळणाची वाट बघत. पथकाच्या साहेबांनी मीटर पाहिला, मोबाइल पाहिला, मग बाईंना पाहिलं.

"चुंबक कुठे आहे?"

"हाई का?" बाईंनी मशीन थांबवलं, डब्यातून चुंबक काढलं आणि कौतुकाने त्यांच्या हातात दिलं. "दखा, कितला खिळा धरेल शेतस. बाजारना गहूम्हा काय काय निघस, साहेब!"

साहेबांनी सोबतच्या माणसाकडे बघितलं. "लिहून घे. चुंबक स्वतः काढून दिलं." मग बाईंना म्हणाले, "मीटरला लावलं होतं ना हे?"

"हा, लावं व्हतं ना. पूजा करी व्हती."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीनी. मशीन बंद व्हतं दोन्ही दिन. बठ्ठी गल्लीले इचारा."

"गल्ली मीटर वाचत नाही, बाई."

"आणि मीटर पूजा ओळखतो का?" मी मधे बोलले.

"तुम्ही कोण?"

"गिऱ्हाईक."

"मग दळण दुसरीकडे न्या. ही लाइन कट होणार."

आणि झालीच. चुंबक कापडी पिशवीत घालून लाखेने बंद केलं. मीटरवरची सुकलेली माळ कोणी काढली नव्हती, तिचाही फोटो निघाला. बाईंना अजूनही वाटत होतं की काहीतरी चुकतंय आणि आत्ता कोणीतरी येऊन साहेबांना सांगेल. माझा डबा अर्धा दळलेला, अर्धा आख्खा, तसाच त्यांनी माझ्या हातात दिला. "अक्का, मी चोर नही शे," म्हणाल्या. मला हे सांगायची काही गरज नव्हती, पण त्या प्रत्येकाला सांगत सुटल्या, आणि इतकं सांगितलं की ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आली.

समोर प्रकाशचंदजींचं किराणा दुकान आहे. त्यांच्या पत्नी चंदनबाई स्वभावाने मोकळ्या, तोंडाने त्याहून मोकळ्या. दुपारी येऊन म्हणाल्या, "आमच्याकडे दिवाळीला वही पूजतात बाई, मीटर कोण पूजतं? पूजला तर पूजला, त्याच्या गळ्यात लोखंड कशाला बांधायचं?" सगळे हसले. पुष्पाबाईही हसल्या, कारण दुसरं काय करणार. पण दुसऱ्या दिवशी चंदनबाईंचा बाटीच्या गव्हाचा डबा पलीकडच्या चौकात गेला. "दिवाळी तोंडावर आहे, अक्का. पाहुणे थांबतात का कोणासाठी?" हे त्यांनी मला ऐकवलं, बाईंना नाही. दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे गिरणीचा वर्षाचा हंगाम; चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचं पीठ. बंद शटरसमोरून डबे गेले आणि बाई ओट्यावर बसून ते बघत राहिल्या.

दीपक धुळ्याहून आला तो सगळी चौकशी करूनच. पोरगा वाईट नाही, फक्त घाईत असतो. म्हणाला, "माय, तडजोडीचा अर्ज असतो. तो भरायचा, पैसे मी भरतो, लाइन लगेच चालू. किंवा चालूही नको करायला. तू चल माझ्यासोबत, विषय संपला."

"काय लिखेल शे त्याम्हा?"

दीपक वाचू लागला, "मी वीजचोरी केल्याचे मला मान्य असून..."

"पुढलं वाचू नको."

"अगं, ते छापीलच असतं! सगळ्यांना तेच. कोण वाचतं?"

"तू वाचं ना आते. मी आयकं."

"मग काय करशील? कोर्टात जाशील, खोकत खोकत?" त्याने मदतीसाठी शेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, मी नजर चुकवली. "तुला यायचंच आहे ना धुळ्याला? मग गिरणी अशी बंद झाली काय, तशी झाली काय, फरक काय पडतो?"

"फरक पडस. मी यीसू धुळाले. पन लोक म्हनतीन, चोरी करी आनि पोरगाकडे पयनी. तुन्हा बापनी गिरणी शे ती. मी सही नही करसू."

दीपक कपाळाला हात लावून बसला. मला त्याचीही दया आली. रजा काढून आलेला, जेवायला थांबला नाही, संध्याकाळच्या बसने गेला. जाताना अर्ज माझ्याकडे देऊन म्हणाला, "काकू, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही समजवा." शिकलेल्या माणसाने खोट्यावर सही करायला समजवावं, ही अपेक्षा आजकाल कुणाला विचित्रही वाटत नाही.

मग ऑफिसच्या चकरा सुरू झाल्या. बाईंना सही येते, पण सरकारी मराठी वाचताना त्यांचा धीर सुटतो, म्हणून मी सोबत जायची. साहेब दौऱ्यावर. साहेब मीटिंगमध्ये. साहेब आलेत, पण सर्व्हर बंद. बाकावर आमच्यासारखे अजून पुष्कळ, त्यात खरे चोरही असणार, आणि तेच जास्त निवांत. ते आत जायचे, सही करायचे, बाहेर येऊन चहा प्यायचे. खरं बोलणाऱ्याला बाक जास्त वेळ सहन करावा लागतो, एवढंच मला त्या दिवसांत कळलं.

शेवटी आम्हाला कनिष्ठ अभियंता भूमिका मॅडमच्या टेबलावर पाठवलं. तिशीच्या आतली मुलगी, डोळे स्क्रीनने लाल. तिच्यासमोर सगळ्या शहरातल्या मीटरांच्या चहाड्यांचा ढीग. कुठे झाकण उघडलं, कुठे तार सुटली, कुठे उंदराने कुरतडलं. सगळं एकाच रंगात.

तिने बाईंची नोंद उघडली. "आजी, हे बघा. चुंबक लागलं ती वेळ, निघालं ती वेळ. आणि त्या वेळी वीज किती जात होती तेही. जवळजवळ काहीच नाही."

"मग झालं की!" मी म्हणाले. "मशीन बंद होतं म्हणूनच ना?"

"नाही ना, काकू. लोक चुंबक लावतात तेच मुळी वीज कमी दिसावी म्हणून. बंद मशीन आणि चोरून चालवलेलं मशीन, चुंबक असताना या मीटरला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तर तो त्या वेळेपुरतं कमाल भाराने मोजतो."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. तिचं बरोबर होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "म्हंजे ह्या मीटरले मन्हं खरं समजनार नही."

"नाही समजणार, आजी. लेखी द्या, मी वर पाठवते."

लेखी दिलं. वर गेलं ते वरच राहिलं. बाई मात्र रोज सकाळी ऑफिसात येऊन बसायला लागल्या, मी असो नसो. भिंतीला डोकं टेकून पेंगायच्या. दिवाळी तशीच गेली. एकदा भूमिका चिडूनच बाहेर आली. "आजी, रोज कशाला येता? काही झालं की फोन करेन मी."

"घर बशी काय करू? मशीन बंद शे. हात खाजस." मग बाई म्हणाल्या, "दसराना दोन दिन बंद ठेवं तं सोसवस नही माले. आते तं महिना व्हयना."

भूमिका जाता जाता थांबली. "दसऱ्याला खरंच दोन्ही दिवस बंद ठेवता? की सकाळी पूजा आणि दुपारी चालू?"

"बाई वं! हत्यारले हात लावतस का?"

"माझ्या आजोबांची लेथ होती भुसावळला," भूमिका म्हणाली. "दसऱ्याला आम्हाला पेन्सिललाही टोक काढू द्यायचे नाहीत. ब्लेड हत्यार आहे म्हणायचे." ती हसली, आणि बाईंकडे पहिल्यांदाच नीट बघितलं असं मला वाटलं. "थांबा जरा."

आत जाऊन तिने बराच वेळ काहीतरी शोधलं, मग आम्हाला बोलावलं. गल्लीला वीज जिथून येते त्या डीपीवरही एक मीटर असतो. सगळ्या गल्लीला मिळून किती वीज गेली ते तो मोजतो, आणि त्याला कुणी माळ घातलेली नव्हती. तिने पडद्यावर रेघ दाखवली. रोज सकाळी पुष्पाबाईंची मोटर सुरू झाली की रेघ एकदम वर उडी घेते. गल्लीत तेवढी मोठी दुसरी मोटरच नाही. दिवसभर उड्या चालू. खंडेनवमीला उडी नाही. दसऱ्याला नाही. दोन दिवस रेघ खालीच सपाट, घरांच्या दिव्या-पंख्यांपुरती. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उडी.

"हाई मन्ही मोटर शे?" बाईंनी बोट लावून विचारलं.

"हो, तुमचीच."

"आनि इथे बंद शे."

"इथे बंद आहे."

बाई त्या सपाट रेघेकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "मंग हाई पैलेच दखं असतं तं?"

भूमिकाने ती रेघ छापायला दिली. काय सांगणार? चहाड्यांच्या ढिगात प्रत्येक वेळी डीपी उघडून बघायला बसली तर तिचं टेबल कधी रिकामं होईल?

साहेब सहजासहजी ऐकणारे नव्हते. "चुंबक लागलं होतं हे तर खरं ना?" ते भूमिकाला म्हणाले.

"लागलं होतं, सर. पण चोरायला काही चालूच नव्हतं."

त्यांनी रेघ दोनदा बघितली, बाईंना एकदा. "पुढच्या वर्षी पूजा लांबून करा," म्हणाले, आणि प्रकरण मागे घेतल्याच्या कागदावर सही ठोकली. चूक झाली, असं कोणी म्हणालं नाही. बाईंनी अपेक्षाही केली नाही. त्यांनी तो कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि येताना रिक्षात झोपी गेल्या.

लाइन चालू झाली. शटर वर गेलं, पट्टा चढला. गल्लीला कळायला दोन-चार दिवस लागले. बदनामीला एक तास पुरला होता. चंदनबाई स्वतः बाटीचा डबा घेऊन आल्या. "मी कधी चोर म्हटलं तुम्हाला?"

"तुम्ही नही म्हनं," बाई म्हणाल्या. "तुम्हना डबानी म्हनं." आणि डबा घेऊन दळायला लागल्या. चंदनबाई ओशाळल्या, पण दळण होईपर्यंत बसल्या, आणि सांगत बसल्या की चौकातला तो माणूस बाटीचं पीठ फारच बारीक काढतो, चिकट होतं. तेवढं त्यांनी माफीसारखं केलं, बाईंनी तेवढं घेतलं.

काही गिऱ्हाइकं मात्र गेली ती गेली. काहींना पाकिटातल्या पिठाची सवय लागली. थंडीत वांग्याच्या भरताच्या दिवसांत कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी गर्दी झाली, ज्वारी-उडीद घेऊन लोक आले, आणि बाई दिवसभर उभ्या राहिल्या. खोकला वाढला. मी रागावले की म्हणायच्या, "जरा दम धरा, अक्का." कशाचा दम, ते सांगत नव्हत्या.

संक्रांत झाली आणि एका सकाळी त्या माझ्या दारात. हातात दुसरं काही नाही, फक्त वीज बिल. "चाला. कनेक्शन कायमनं बंद कराले अर्ज लिखी द्या."

मी चप्पल घातली. विचारण्यासारखं काही नव्हतं. गल्लीला सगळं माहीत झालं होतं, दुकान नीट चालू होतं, आता कोणी काही म्हणू शकत नव्हतं. दीपकला त्यांनी आदल्या दिवशीच फोन केला होता.

ऑफिसात बसून मी अर्ज भरला. कारणाच्या जागी लिहिलं, घरगुती अडचण. बाईंनी वाचून दाखवायला लावलं.

"कसानी अडचण? मन्हा घरम्हा काहीच अडचण नही शे. खोटं कशाले लिखतस?"

"मग काय लिहू?"

"मी थकी गऊ. तेच लिखा."

खोडून तसं लिहिलं: थकल्यामुळे. अर्ज भूमिकाच्या टेबलावर गेला. तिने बाईंना ओळखलं, खुर्ची दिली. "आजी, आता तर सगळं सुरळीत झालं. आता का बंद करता?"

"आतेच करता येस," बाई म्हणाल्या.

तिने कॉम्प्युटरवर भरायला सुरुवात केली आणि कारणापाशी थांबली. "काकू, यात असं कारणच नाही. स्थलांतर आहे, मालकी बदल आहे, थकबाकी आहे, वीजचोरी आहे. थकल्यामुळे नाही." तिने जरा विचार केला आणि एक बटण दाबलं.

"काय दाबं तिनी?" बाईंनी मला विचारलं.

"इतर," मी म्हणाले.

पुष्पाबाईंनी थोडा वेळ त्या शब्दाचा अंदाज घेतला. मग खोकल्या, पदराने तोंड पुसलं आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"चोरपेक्षा बरं शे," म्हणाल्या.